गाडी परदेशात अनेक महिने राहणार असेल तर विम्याची तयारी कशी करावी

मोटार विम्याच्या पॉलिसीत परदेशाबद्दल बहुधा एकच परिच्छेद असतो आणि त्यातली दोन वाक्यं महत्त्वाची असतात. पहिलं सांगतं, की ठरावीक देशांत तिथल्या कायद्याला लागणारं किमान संरक्षण मिळेल. दुसरं सांगतं, की मायदेशात मिळतं तेवढं पूर्ण संरक्षण परदेशात अमुक दिवसच मिळेल. हे दिवस कुठे ३० असतात, कुठे ९०, कुठे १८०. काही पॉलिसींत परदेशात पूर्ण संरक्षण मुळीच नसतं. पंधरवड्याच्या सहलीला जाणाऱ्याचं पहिल्या वाक्यावर भागून जातं. नोकरी, शिक्षण किंवा लांबच्या भटकंतीसाठी जो गाडी सहा-आठ महिने बाहेर ठेवणार आहे, त्याने दुसरं वाक्य चार वेळा वाचायला हवं.

समजा, मर्यादा ९० दिवसांची आहे आणि ९५व्या दिवशी गाडी चोरीला गेली. पॉलिसी चालू असते, हप्ता पूर्ण भरलेला असतो, पोलिसांनी तपासलं तर विमा वैधच दिसतो. गाडीचे पैसे मात्र मिळत नाहीत, कारण ९०व्या दिवसानंतर उरलं ते फक्त थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. मुदत उलटली असं कळवणारा फोनही कुणाचा येत नाही. लांबच्या मुक्कामात माणसं अडकतात ती बहुतेक याच फटीत, आणि ती बुजवायला दोन महिने आधीपासून लागावं लागतं. कामं कोणत्या क्रमाने करायची ते पुढे दिलं आहे.

१. गाडी तिथे पाहुणी असेल की रहिवासी, हे आधी ठरवा

गाडी एरवी कुठे असते, रात्री कुठे उभी राहते, कोण चालवतं यावर विमा कंपनी हप्ता ठरवते. वर्षातला बराच काळ ती दुसऱ्या देशात राहणार असेल, तर हिशेबाचा पायाच बदलतो. त्यामुळे कंपनीला विचारण्याआधी त्या देशाच्या दृष्टीने तुमची गाडी काय आहे हे माहीत हवं.

इथे तीन मुदती एकाच वेळी धावत असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. एक तुमच्या व्हिसाची, दुसरी गाडीच्या कस्टम्स सवलतीची, तिसरी विम्याची. व्हिसा वर्षाचा मिळाला म्हणून गाडीलाही वर्ष मिळालं, असं समजून चालणं महागात पडतं. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या माणसाला संघाबाहेर नोंदलेली खासगी गाडी सीमाशुल्काशिवाय आत ठेवता येते ती साधारण ६ महिने. मेक्सिकोत पर्यटक म्हणून गेलात तर गाडीचा तात्पुरत्या आयातीचा परवाना १८० दिवसांपर्यंतचा असतो. त्यासाठी अनामत ठेवावी लागते आणि गाडी वेळेत बाहेर गेली नाही तर ती अनामत जप्त होते. ब्रिटनमधून १२ महिने किंवा त्याहून जास्त काळासाठी नेलेली गाडी कायमची निर्यात झाली असं धरतात आणि तसं नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं.

युरोपीय संघातल्या संघात एका देशातून दुसऱ्यात राहायला गेलात तर कस्टम्सचा प्रश्न नसतो, नोंदणीचा असतो. तिथे ‘नेहमीचं वास्तव्य’ ठरवताना वर्षातले १८५ दिवस हा निकष वापरतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहून वास्तव्य बदललं, तर गाडीची नोंदणी नव्या देशात करावी लागते आणि विमाही तिथलाच घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांना आणि सीमेपलीकडे रोज कामाला जाणाऱ्यांना सवलती आहेत, पण त्या देशागणिक वेगळ्या आहेत.

या तिन्ही मुदतींच्या अखेरच्या तारखा एका कागदावर लिहा. जी सर्वांत आधी येते, ती तुमची खरी मुदत. मुक्काम तिच्या पलीकडे जाणार असेल तर मायदेशाची पॉलिसी ताणत बसू नका. स्थानिक नोंदणी आणि स्थानिक विमा हाच रस्ता धरा. कागदावर घरच्या पत्त्यावर असलेली आणि प्रत्यक्षात वर्षभर दुसऱ्या देशात उभी असलेली गाडी ही विम्याच्या दृष्टीने सर्वांत कमकुवत अवस्था आहे. महत्त्वाची माहिती दडवली, हे कारण देऊन दावा नाकारायला तिथे कंपनीला फार शोधाशोध करावी लागत नाही.

२. पॉलिसी उघडा आणि नेमकं काय शोधायचं ते शोधा

माहितीपत्रक किंवा वेबसाइटवरचा सारांश पुरत नाही. पॉलिसीचा पूर्ण मसुदा हवा आणि त्यासोबत जोडलेली एन्डॉर्समेंट्सही, म्हणजे पॉलिसीच्या अटी बदलणारे किंवा वाढवणारे जोडकागद.

पहिल्यांदा भौगोलिक हद्द पाहा. भारतातल्या पॉलिसीची हद्द मुळात भारतापुरती असते. आयएमटी १ (भारतीय मोटार विमा दरपत्रकातलं पहिलं) हे एन्डॉर्समेंट जादा हप्ता भरून जोडलं तर ती बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढते, आणि तीही ज्या देशांची नावं एन्डॉर्समेंटमध्ये लिहिली आहेत त्यांच्यापुरतीच. याच कलमात पुढे स्पष्ट म्हटलं आहे, की गाडी जहाजाने किंवा विमानाने नेत असताना होणारं नुकसान त्यात धरलेलं नाही. युरोपीय संघात चित्र वेगळं आहे. तिथल्या मोटार विमा निर्देशानुसार सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी एकाच हप्त्यात सगळ्या सदस्य देशांत लागू राहते, आणि गाडी पॉलिसीच्या मुदतीत दुसऱ्या सदस्य देशात कितीही काळ राहिली तरी लागू राहते. पण हा नियम सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा आहे. चोरी, आग, स्वतःच्या गाडीची मोडतोड यांवर कंपनी दिवसांची मर्यादा घालू शकते आणि घालतेही.

मग दिवसांचं कलम. इथे शब्दागणिक अर्थ बदलतो. ‘प्रत्येक प्रवासात ९० दिवस’ आणि ‘पॉलिसी वर्षात एकूण ९० दिवस’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात मध्येच गाडी परत आणली तर मोजणी नव्याने सुरू होते. दुसऱ्यात होत नाही. सलग दिवस धरतात की तुकड्यांची बेरीज, निघालेला दिवस मोजतात की नाही, हे कलमात नसेल तर विचारून लेखी घ्या. काही पॉलिसींत वर आणखी एक अट असते, ती म्हणजे गाडी वर्षातला बहुतांश काळ मायदेशात असली पाहिजे. ही अट परदेश प्रवासाच्या परिच्छेदात सापडेलच असं नाही. ती व्याख्यांमध्ये किंवा सर्वसाधारण अटींमध्ये असते, म्हणून तिकडेही नजर टाका.

तिसरं, वापर. खासगी वापरासाठी घेतलेल्या पॉलिसीत परदेशात रोज नोकरीवर जाणं-येणं बसतंच असं नाही. चौथं, चालक. तिथे ज्यांच्या हातात गाडी जाणार आहे त्यांची नावं पॉलिसीत आहेत का? युरोपीय संघात तात्पुरत्या सवलतीवर आलेली गाडी तिथल्या रहिवाशाने चालवणं, काही अपवाद सोडले तर, कस्टम्सच्या नियमांत बसत नाही. तिथे राहणाऱ्या मित्राला किंवा चुलत भावाला सहज किल्ली दिली आणि अपघात झाला, तर विमा आणि कस्टम्स अशा दोन आघाड्या एकदम उघडतात.

रस्त्यावरच्या मदतीचं कलमही वाचा. ब्रेकडाऊन कव्हरची दिवसांची मर्यादा मूळ पॉलिसीपेक्षा वेगळी आणि बहुधा कमी असते. बिघडलेली गाडी मायदेशी आणण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल तर तो सहसा मिळत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने हे धरूनच चालावं.

३. कंपनीला लेखी विचारा

कॉल सेंटरवर ‘हो, परदेशात कव्हर आहे’ असं उत्तर सहज मिळतं. ते खोटं नसतं, पण ते पहिल्या वाक्याबद्दल असतं. म्हणून ईमेल करा आणि प्रश्न असे विचारा की उत्तर टाळता येणार नाही. मजकूर साधारण असा असावा:

*‘माझी गाडी (नोंदणी क्रमांक, पॉलिसी क्रमांक) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक देशात राहील. जाताना ती अमुक देशांतून जाईल. त्या काळात ती अमुक शहरात, अमुक प्रकारच्या पार्किंगमध्ये उभी राहील आणि निवास ते कार्यालय या प्रवासासाठीही वापरली जाईल. चालक आम्ही दोघे असू. कृपया कळवावे: या संपूर्ण काळात चोरी, आग, अपघाती नुकसान आणि काचेचं नुकसान यांचं संरक्षण मायदेशाइतकंच राहील का? नसल्यास ते कोणत्या तारखेला संपेल? ते वाढवता येईल का, किती काळासाठी आणि किती जादा हप्त्यात? या काळात पॉलिसीची मुदत संपत असल्यास, गाडी परदेशात असतानाच नूतनीकरण कराल का?’*

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि त्रास तिथूनच सुरू होतो. चालू पॉलिसीत मुदत वाढवून देणारी कंपनी नूतनीकरणाच्या वेळी गाडी मायदेशात हवी म्हणू शकते. जमत असेल तर निघण्याआधी नवी पॉलिसी घ्या, म्हणजे मुक्कामाच्या मध्यात तिची मुदत संपणार नाही. कंपनीने परवानगी दिली तर ती एन्डॉर्समेंटच्या रूपात, तारखांसह मागून घ्या. ईमेलमधला ‘ठीक आहे’ नसण्यापेक्षा बरा, पण दाव्याच्या वेळी वजन असतं ते पॉलिसीला जोडलेल्या कागदाला.

गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर बँकेची किंवा लीज कंपनीची लेखी परवानगी याच टप्प्यावर मागा. सीमेवर मालकीचा कागद विचारतात तेव्हा तुमच्या नावावर नसलेल्या गाडीसाठी अधिकारपत्र लागतंच, शिवाय परवानगीविना गाडी देशाबाहेर नेणं हा अनेकदा कर्ज कराराचाच भंग असतो.

४. थर्ड पार्टीचा पुरावा: कार्डं, आणि जिथे कार्डं चालत नाहीत ते देश

एका देशाची पॉलिसी दुसऱ्या देशात ओळखली जावी म्हणून युरोपात ग्रीन कार्डची व्यवस्था उभी राहिली. तिची मूळ शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाकडून १९४९ साली जिनिव्हात आली आणि प्रत्यक्ष काम १ जानेवारी १९५३ला सुरू झालं. प्रत्येक सदस्य देशात एक ब्युरो असतो. परक्या गाडीने अपघात केला की जखमी माणसाचा दावा त्याच्याच देशातला ब्युरो हाताळतो आणि नंतर पैसे गाडीच्या विमा कंपनीकडून वसूल होतात. आज युरोपच्या पलीकडे मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान असे देशही या व्यवस्थेत आहेत. युरोपीय संघात आणि तसा करार केलेल्या इतर काही देशांत नोंदलेल्या गाडीची नंबर प्लेट हाच त्या देशांमध्ये विम्याचा पुरावा मानतात, तिथे तिला कार्ड दाखवावं लागत नाही.

कार्ड हातात आलं की त्यावरची देशांच्या संक्षिप्त अक्षरांची चौकट पाहा. ज्या देशाच्या अक्षरांवर काट मारली आहे, तिथे ते कार्ड चालत नाही. वैधतेच्या तारखा पूर्ण मुक्काम झाकतात का ते तपासा. पॉलिसी वर्षाची असली तरी कार्ड कधी कधी कमी दिवसांचं देतात. ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन ओढणार असाल तर काही देशांत त्याचं वेगळं कार्ड लागतं. २०२०च्या जुलैपासून हे कार्ड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईतही चालतं, त्यामुळे ईमेलने आलेली प्रत छापून नेता येते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ग्रीन कार्ड थर्ड पार्टीपुरतंच असतं. त्यावर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या चोरीबद्दल किंवा मोडतोडीबद्दल काहीही नसतं.

अशाच व्यवस्था इतरत्रही आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या इकोवास या आर्थिक गटाच्या देशांत ब्राउन कार्ड आहे, त्याचा करार १९८२चा. आफ्रिका खंडाच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अनेक देशांत कोमेसा या व्यापारी गटाचं यलो कार्ड चालतं, अरब देशांमध्ये ऑरेंज कार्ड. यातलं एक कार्ड दुसऱ्याच्या प्रदेशात चालत नाही, म्हणून लांबच्या रस्त्यावर एकामागून एक घ्यावी लागतात.

कोणतंच कार्ड लागू नसेल तर सीमेवर किंवा सीमेआधी स्थानिक थर्ड पार्टी पॉलिसी विकत घ्यायची. तिला फ्रंटियर इन्शुरन्स म्हणतात. ती बहुधा थोड्या मुदतीची असते, लांबच्या मुक्कामात पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. मेक्सिको हे यातलं ठळक उदाहरण आहे. अमेरिकेची किंवा कॅनडाची थर्ड पार्टी पॉलिसी तिथे ग्राह्य धरत नाहीत, मेक्सिकोत परवाना असलेल्या कंपनीचीच लागते. अपघातात कुणी जखमी झालं आणि भरपाईची हमी दाखवता आली नाही, तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवू शकतात. तिथली पॉलिसी घेताना कायदेशीर मदत आणि जामीन यांचं कलम आहे का ते पाहा.

‘किमान संरक्षण’ हा शब्द दोन देशांत एकच गोष्ट सांगत नाही, हेही इथेच समजून घ्यायला हवं. युरोपीय संघात शारीरिक इजेसाठी किमान मर्यादा प्रत्येक जखमीमागे १३ लाख युरो किंवा प्रत्येक अपघातामागे ६४.५ लाख युरो आहे, मालमत्तेसाठी प्रत्येक अपघातामागे १३ लाख युरो. दक्षिण आफ्रिकेत रस्ता अपघातातल्या इजेची भरपाई इंधनावरच्या अधिभारातून चालणाऱ्या रोड अ‍ॅक्सिडेंट फंडातून होते. तुम्ही ज्याच्या गाडीला धडक दिली तिच्या दुरुस्तीचा खर्च त्यात येत नाही. न्यूझीलंडमध्येही इजेची व्यवस्था एसीसी या सरकारी अपघात भरपाई योजनेकडे आहे आणि थर्ड पार्टी विम्याची सक्तीच नाही. अशा देशांत ‘कायद्याला लागतं तेवढं आहे’ म्हणून थांबलात, तर एखाद्या महागड्या गाडीला बसलेल्या धक्क्याचं बिल थेट तुमच्या खिशातून जाईल. तिथे मालमत्तेच्या नुकसानीचा ऐच्छिक विमा घ्याच.

५. स्वतःच्या गाडीचं संरक्षण: रिकामे दिवस कसे भरायचे

कंपनीचं उत्तर आलं की कोणत्या तारखेनंतर तुमची गाडी उघडी पडते ते कळेल. ते दिवस भरायला तीन मार्ग आहेत.

मुदतवाढ सर्वांत सोपी. कंपनी तयार असेल तर हेच करा, कारण दावा तुमच्या ओळखीच्या भाषेत आणि ओळखीच्या कायद्याखाली चालतो. कंपनी नकार देत असेल तर दीर्घ मुक्कामाच्या पॉलिसी देणारे दलाल शोधावे लागतात. परदेशी नेमणुकीवर जाणारे, सैन्यातले कर्मचारी, कॅम्परव्हॅनने वर्षभर फिरणारे यांच्यासाठी अशा पॉलिसी असतात. त्यांत एक्सेस, म्हणजे दाव्यातला तुमचा स्वतःचा वाटा, मोठा असतो. ट्रॅकर बसवण्याची किंवा कुलूपबंद जागेत गाडी ठेवण्याची अट असते. ट्रॅकरची वर्गणी मध्येच संपली तर चोरीचा दावा अडतो, म्हणून ती पूर्ण मुक्कामासाठी आधीच भरून टाका.

तिसरा मार्ग मुक्कामाच्या देशातल्या कंपनीचा. अडचण अशी, की परदेशी नंबर प्लेटच्या गाडीला पूर्ण संरक्षण द्यायला बऱ्याच स्थानिक कंपन्या तयार नसतात. तिची किंमत त्यांच्या याद्यांमध्ये नसते, सुटे भाग मिळतील का याची खात्री नसते. कुणी तयार झालंच तर गाडीची ठरलेली किंमत पॉलिसीत आकड्यात लिहून घ्या. ‘बाजारभाव’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणत्या देशाचा बाजारभाव, हा वाद दाव्याच्या वेळी उभा राहतो, आणि उजव्या स्टिअरिंगची गाडी डाव्या स्टिअरिंगच्या देशात विकायला गेलं तर तिला किंमत फारच कमी येते.

जुनी आणि नवी पॉलिसी एखाद-दोन दिवस एकमेकींवर चढली तरी चालेल, मध्ये एकाही दिवसाची पोकळी नको. कायमच्या दोन पॉलिसी ठेवून एकाच नुकसानीचे दुप्पट पैसे मात्र मिळत नाहीत. कंपन्या भरपाई आपसांत वाटून घेतात आणि दावा लांबतो.

६. कस्टम्सचा बोजा, जो विमा उचलत नाही

तात्पुरत्या सवलतीवर आलेली गाडी म्हणजे तिथल्या सरकारच्या लेखी ‘परत जायची वस्तू’. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांत त्यासाठी कार्ने द पासाज लागतं, म्हणजे गाडी परत नेली जाईल अशी हमी देणारी कस्टम्सची पुस्तिका. ते मायदेशातली मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल संघटना देते, वर्षभर वैध असतं आणि त्यामागे बँक हमी किंवा अनामत द्यावी लागते. ही हमी गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही जाणार त्या देशांतल्या आयात शुल्कावर ठरते, म्हणून ती मोठी असू शकते. प्रत्येक पानावर येतानाचा आणि जातानाचा असे दोन शिक्के हवेत. जातानाचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून शुल्क मागतात.

आता गाडी अपघातात पूर्ण निकामी झाली असं समजा. विमा कंपनी किंमत चुकती करते आणि तुम्हाला वाटतं विषय संपला. पण कस्टम्सच्या नोंदीत गाडी अजून देशातच असते. ती भंगारात देण्याआधी कस्टम्सची परवानगी घेऊन, त्यांच्या देखरेखीखाली नष्ट केल्याचं किंवा सरकारजमा केल्याचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. नाहीतर आयात शुल्काची मागणी येते. चोरी झाली तर पोलीस तक्रारीची प्रत कस्टम्सलाही द्यावी लागते आणि तरीही काही देश शुल्क मागतात. नेहमीच्या मोटार पॉलिसीत हे शुल्क धरलेलं नसतं. दीर्घ मुक्कामाच्या पॉलिसीची चौकशी करताना हे कलम स्वतंत्रपणे विचारा. कार्नेसोबत हमीचा वेगळा विमा मिळत असेल तर तो कोणत्या परिस्थितीत पैसे देतो, आणि दिलेले पैसे नंतर तुमच्याकडून परत मागतो का, हेही वाचा.

७. गाडी जहाजाने जाणार असेल तर

समुद्रावर मोटार पॉलिसी बहुधा चालत नाही. छोट्या फेरीच्या प्रवासाला काही कंपन्या सूट देतात, पण महिनाभराच्या मालवाहतुकीला मरीन कार्गो विमा लागतो. जहाज कंपनीची स्वतःची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते, तिच्या भरवशावर राहू नका.

या विम्यात ‘फक्त संपूर्ण नुकसान’ हा स्वस्त प्रकार असतो. त्यात ओरखडे, पोचे, फुटलेली काच काहीच मिळत नाही. ‘ऑल रिस्क्स’ प्रकार घ्या. जनरल अ‍ॅव्हरेजचं कलम त्यात आहे याची खात्री करा. जनरल अ‍ॅव्हरेजच्या नियमानुसार संकटात जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च सगळ्या मालाच्या मालकांमध्ये वाटला जातो, तुमचा माल सुखरूप असला तरी. २०२१मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या बाबतीत असंच झालं. विमा नसलेल्याला हमी भरल्याशिवाय माल सोडवता येत नाही. आणि संपूर्ण नुकसान ही केवळ कागदावरची शक्यता नाही: २०२२च्या फेब्रुवारीत फेलिसिटी एस या जहाजाला आग लागली आणि मार्चच्या सुरुवातीला ते सुमारे ४,००० गाड्यांसह अझोर्स बेटांजवळ बुडालं.

बंदरावर गाडी सोपवताना ती धुतलेली असू द्या. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत आणि मग ते आधीचे की नंतरचे हा वाद सुटत नाही. चारही बाजू, छत, चाकं, काच, ओडोमीटर आणि चॅसी क्रमांक यांचे तारखेसह फोटो काढा. तपासणी अहवालावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय निघू नका. गाडीत ठेवलेलं सामान विम्यात बहुधा धरत नाहीत, म्हणून ती रिकामी पाठवा. पलीकडे ताब्यात घेतानाही तोच अहवाल हातात धरून, बंदराच्या आत असतानाच पाहणी करा. फाटकाबाहेर पडल्यावर सापडलेला पोचा सिद्ध करणं फार अवघड जातं.

८. मागे राहिलेल्या तारखा

गाडी परदेशात असताना मायदेशातली नोंदणी, रस्ता कर, फिटनेस किंवा वार्षिक तपासणी यांतलं काहीतरी संपतं. बहुतेक तपासण्या परदेशात करता येत नाहीत. नोंदणी वैध नसली तर गाडी त्या देशातही बेकायदा ठरते आणि विम्याला हरकत घ्यायला जागा मिळते. शक्य असेल ते निघण्याआधीच पुढच्या मुदतीसाठी करून घ्या.

परवान्याचंही तसंच. वैध परवाना ही जवळपास प्रत्येक पॉलिसीची अट असते आणि वास्तव्य बदललं की परक्या परवान्याला मुदत लागते. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरचा परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून ६ महिने चालतो, फ्रान्समध्ये वर्षभर. त्यानंतर स्थानिक परवाना न घेता गाडी चालवली, तर हप्ते भरलेले असूनही स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. १९४९च्या करारानुसार मिळालेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट एक वर्षच चालतं.

९. तिथे अपघात झाला तर

सगळ्यात आधी जखमींची मदत आणि पोलीस. युरोपीय संघात क्रमांक ११२. मग फोटो: गाड्या हलवण्याआधीचे, नंबर प्लेटसह, रस्त्यावरच्या खुणांसह. युरोपात दोन्ही चालकांनी भरायचा अपघात नोंदीचा एक ठरावीक फॉर्म असतो. त्याची रचना सगळ्या भाषांत सारखीच असते, म्हणून तुम्हाला समजणाऱ्या भाषेतला एक कोरा फॉर्म गाडीत ठेवा आणि रकाना क्रमांक जुळवून वाचा. न समजलेल्या मजकुरावर सही करू नका. जागेवर चूक कबूल करू नका, पैसे देऊन मिटवू नका.

कंपनीला त्याच दिवशी कळवा. दुरुस्ती सुरू करण्याआधी त्यांची मंजुरी घ्या, कारण परदेशातल्या गॅरेजचं बिल आधी भरून नंतर मागायला गेलात तर दरावरून अडवणूक होते. पोलीस अहवालाची प्रत तिथे असतानाच मिळवा; मायदेशातून ती मागवायला महिने जातात.

१०. परत येताना, किंवा तिथेच राहायचं ठरलं तर

परत येत असाल तर कार्नेवरचा शेवटचा शिक्का घ्या, अनामत सोडवा आणि गाडी परत आल्याची तारीख विमा कंपनीला कळवा. तिथेच राहायचं ठरलं तर आयात, तांत्रिक मंजुरी, नोंदणी आणि स्थानिक पॉलिसी हा क्रम असतो, आणि स्थानिक पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुनी रद्द करायची.

दोन्ही बाबतीत नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, पुरावा जपा. भारतात पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर बोनस जातो. युरोपीय संघात मागच्या पाच वर्षांच्या दाव्यांचं पत्रक कंपनीकडे मागण्याचा हक्क आहे आणि ते १५ दिवसांत द्यावं लागतं. इतरत्र कंपनीच्या लेटरहेडवर, चालकाचं नाव, पॉलिसीच्या तारखा आणि दावे किती हे लिहिलेलं पत्र घ्या. गरज असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर करून घ्या. नवी कंपनी बोनस मान्य करेलच असं नाही, पण पत्राशिवाय ती विचारही करत नाही. जुनी पॉलिसी बंद करायच्या आधीच हे पत्र मागा. खातं बंद झालं की तेच पत्र मिळवायला दहा फोन करावे लागतात.